पाच, सात की एकवीस?

‘कामरगाव’ या शब्दात अक्षरे किती? पहिलीतले मूल बोटांवर मोजून सांगेल : का, म, र, गा, व – पाच. हाच प्रश्न संगणकाला विचारला तर उत्तर कधी सात येते, कधी एकवीस येते. कधी तर या शब्दाच्या जागी तो ओळीने सात प्रश्नचिन्हे दाखवतो. अशी प्रश्नचिन्हे पाहिली की ‘संगणकाला मराठी येत नाही’ असे आपण म्हणतो. वास्तविक त्याला इंग्रजीही येत नाही. त्याला फक्त संख्या कळतात. कोणत्या अक्षराला कोणती संख्या द्यायची आणि ती वाचल्यावर काय करायचे, हे इंग्रजीसाठी आधी ठरले. मराठीसाठी ते बरेच नंतर ठरले आणि काही बाबतीत अजून पुरते ठरलेले नाही.

हा विषय केवळ संगणकतज्ज्ञांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर कपाटात असते, पण त्यातली माहिती आता संगणकातही भरावी लागते. मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मगाव, जन्मतारीख. पुढे दाखला, शिष्यवृत्ती, परीक्षेचा अर्ज या सगळ्यांसाठी ती नोंद तिथूनच शोधली जाते. नोंद असूनही ती सापडली नाही, तर त्या मुलाच्या दृष्टीने ती नसल्यासारखीच. म्हणून संगणक आपला प्रश्न कसा वाचतो आणि वाचताना कुठे अडखळतो, हे शिक्षकांनी एकदा समजून घ्यावे असे आम्हांला वाटते.

संगणकाचे वाक्यपृथक्करण

समजा, वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात, कामरगावच्या एका शाळेने आपले रजिस्टर संगणकात भरले आहे. कामरगावात जन्मलेल्या विद्यार्थ्यांची यादी हवी आहे. अशा माहितीच्या तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी जी भाषा वापरतात तिचे नाव एसक्यूएल. आयबीएम कंपनीतील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली तिचा पहिला आराखडा मांडला. त्या भाषेतला आपला प्रश्न साधारण असा होईल (यातले इंग्रजी शब्द इथे देवनागरीत लिहिले आहेत) :

सिलेक्ट नाव फ्रॉम विद्यार्थी व्हेअर गाव = 'कामरगाव'

म्हणजे ‘विद्यार्थी’ या तक्त्यातल्या ज्या ओळींत ‘गाव’ या रकान्यात कामरगाव असे लिहिले आहे, त्या ओळींमधील नावे निवडून दे.

हे वाक्य संगणकाला एकदम समजत नाही. आपण भाषेच्या तासाला वाक्यपृथक्करण करतो, उद्देश्य कोणते आणि विधेय कोणते ते पाहतो. संगणकातही हेच काम करणारा एक भाग असतो. त्याला पार्सर म्हणतात. त्याचे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात तो वाक्याचे तुकडे पाडतो : हा आज्ञेचा शब्द, हे रकान्याचे नाव, हे बरोबरचे चिन्ह, हा अवतरणचिन्हांतला मजकूर. दुसऱ्या टप्प्यात हे तुकडे व्याकरणाच्या नियमात बसतात का ते पाहतो. मराठीच्या अडचणी बहुतेक पहिल्या टप्प्यातच येतात. तुकडा कुठे संपला हे ठरवण्यासाठी ‘हे अक्षर आहे का?’ असा प्रश्न पावलोपावली विचारावा लागतो आणि त्याचे उत्तर मूळ नियमांत फक्त इंग्रजी वर्णमाला डोळ्यांपुढे ठेवून दिलेले होते.

अशी तुकडे पाडणारी यंत्रणा आपोआप तयार करून देणारा ‘लेक्स’ नावाचा कार्यक्रम माइक लेस्क आणि पुढे गूगलचे प्रमुख झालेले एरिक श्मिट यांनी १९७५ साली बेल प्रयोगशाळेत लिहिला. अशा यंत्रणेच्या पोटात एक तक्ता असतो. समोर येणाऱ्या प्रत्येक संख्येसाठी तक्त्यात एक घर; घरात लिहिलेले असते की ही संख्या आली तर काय करायचे. त्या काळी इंग्रजीसाठी १२८ घरे पुरत होती, कारण १९६३ सालच्या ‘आस्की’ या अमेरिकी प्रमाणात ० ते १२७ एवढ्याच संख्या होत्या. मोठा ए म्हणजे ६५, छोटा ए म्हणजे ९७, मोकळी जागा म्हणजे ३२ आणि सरळ एकेरी अवतरणचिन्ह म्हणजे ३९. ही शेवटची संख्या लक्षात ठेवावी.

अवतरणचिन्हाचा घोटाळा

१२८ संख्यांत मराठी बसवायची कशी? यावर दोन वेगळ्या वाटा निघाल्या.

पहिली वाट फाँटची. इंग्रजी अक्षरांच्याच संख्या वापरायच्या, फक्त पडद्यावर आणि कागदावर त्या जागी देवनागरी अक्षरांचे तुकडे काढायचे. १९९० च्या दशकात वर्तमानपत्रे, छापखाने, कार्यालये यांचे काम अशा फाँटवरच चाले. कृतिदेव हा त्यातलाच एक. त्यात ‘देश’ लिहायचे तर एन, एस, एकेरी अवतरणचिन्ह आणि के अशी चार चिन्हे टंकावी लागतात. अर्ध्या ‘श’ला अवतरणचिन्हाची जागा दिलेली आहे.

छपाईसाठी यात काहीच बिघडत नाही, कारण कागदावर ‘देश’ असेच उमटते. पण हाच मजकूर एसक्यूएलच्या प्रश्नात घातला की पार्सरला ‘श’ दिसत नाही, त्याला ३९ दिसतो. त्याच्या नियमाप्रमाणे ३९ म्हणजे मजकूर संपला. मग उरलेला ‘के’ हा निराळा शब्द ठरतो आणि शेवटचे खरे अवतरणचिन्ह नवा मजकूर सुरू करते. तो मजकूर कधी संपतच नाही, म्हणून सगळे वाक्य चुकीचे ठरते. मजकुरात अवतरणचिन्ह आलेच तर ते दोनदा लिहावे, असा एसक्यूएलचा नियम आहे. पण टंकणाऱ्याने ‘श’ लिहिलेला असतो; आपण अवतरणचिन्ह लिहिले हे त्याला माहीतच नसते.

ही अडचण एकट्या मराठीची नव्हती. जपानीसाठीच्या ‘शिफ्ट-जिस’ या पद्धतीत एक चिन्ह दोन संख्यांनी लिहितात. ‘तक्ता’ या अर्थाच्या जपानी चिन्हासाठी १४९ आणि ९२ या संख्या आहेत. आता ९२ म्हणजे आस्कीमधील उलटी तिरकी रेघ. काही डेटाबेसमध्ये तिचा अर्थ ‘पुढच्या चिन्हाचा नेहमीचा अर्थ धरू नको’ असा होतो. तक्ता हा शब्द मजकुराच्या शेवटी आला, की त्याची दुसरी संख्या शेवटच्या अवतरणचिन्हालाच निष्प्रभ करते. पुढे अशा फटींतून दुसऱ्याच्या डेटाबेसमध्ये नको त्या आज्ञा घुसवता येतात हेही लक्षात आले. म्हणून पोस्टग्रेस हा डेटाबेस शिफ्ट-जिसमधला मजकूर बाहेरून घेतो, पण आत साठवताना त्याचे रूपांतर करूनच साठवतो.

दुसरी वाट : १२८ च्या पुढे

एका बाइटमध्ये, म्हणजे आठ बिटांच्या एका खणात, ० ते २५५ संख्या मावतात. आस्की त्यातला पहिला अर्धाच भाग वापरते. दुसरा अर्धा भाग भारतीय लिपींना द्यावा ही दुसरी वाट. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान याच वाटेने गेले. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने आयएस १३१९४ या क्रमांकाने ‘इस्की’ हे प्रमाण जाहीर केले. त्यात देवनागरीची चिन्हे १६१ ते २५० या पट्ट्यात आहेत. ‘क’ला १७९. या पट्ट्यात ३९ येतच नाही, त्यामुळे अवतरणचिन्हाचा घोटाळा मुळातच टळला. दुसरेही एक शहाणपण इस्कीत होते. संख्या अक्षराच्या आकाराला न देता वर्णाला दिली. अर्धा ‘श’ आणि पूर्ण ‘श’ यांना वेगळ्या संख्या नाहीत. ‘श’ एकच, त्यापुढे पाय मोडण्याचे चिन्ह आले की तो अर्धा.

अडचण दुसरीकडून आली. १२८ च्या पुढची घरे प्रत्येक देशाने आपापल्या परीने भरली होती. पश्चिम युरोपच्या तक्त्यात १७९ या घरात बारीक वरचा ‘३’ आहे. काही जुने कार्यक्रम तर आठवा बिट सरळ टाकून देत. १७९ मधून १२८ गेले की ५१ उरतात आणि आस्कीत ५१ म्हणजे इंग्रजी ‘३’ हा अंक. ‘क’चा असा तीन होई.

त्याच वर्षी, १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये, युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या सर्व लिपींना एकाच यादीत, पुन्हा न येणाऱ्या संख्या द्यायच्या ही तिची कल्पना. देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा मिळाल्या आणि त्यांची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतली गेली. ‘कामरगाव’ आता असा लिहिला जातो :

क २३२५, काना २३६६, म २३५०, र २३५२, ग २३२७, काना २३६६, व २३५७.

या झाल्या सात संख्या. पहिल्या परिच्छेदातला ‘सात’ इथून येतो. आपण ‘का’ हे एक अक्षर मोजतो. युनिकोड ‘क’ आणि काना वेगळे मोजतो.

एकवीस कसे झाले?

२३२५ ही संख्या एका खणात मावत नाही. ती अनेक खणांत कशी ठेवायची, याची आज सर्वत्र रूढ असलेली पद्धत म्हणजे ‘यूटीएफ-८’. केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ च्या सप्टेंबरमध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत रात्रीच्या जेवणाच्या वेळी टेबलावरच्या कागदावर ती आखली. तिचे गणित सातवीच्या वर्गातही सोडवता येईल.

संख्येला ६४ ने भागावे. २३२५ मध्ये ६४ चा भाग ३६ वेळा जातो आणि बाकी २१ उरते. पहिल्या खणात २२४ ठेवावे. त्याचा अर्थ ‘हे चिन्ह तीन खणांचे आहे’. दुसऱ्यात १२८ अधिक ३६, म्हणजे १६४. तिसऱ्यात १२८ अधिक २१, म्हणजे १४९. झाला ‘क’ : २२४, १६४, १४९. कान्यासाठी २३६६ घ्यावे : भाग ३६, बाकी ६२, म्हणून २२४, १६४, १९०. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला असे तीन खण लागतात. सात त्रिक एकवीस.

या पद्धतीची खुबी अशी, की इंग्रजीखेरीजच्या चिन्हाचा प्रत्येक खण १२८ किंवा त्याहून मोठा असतो. मराठी मजकुरात चुकूनही ३९ किंवा ९२ तयार होत नाही. त्यामुळे फक्त इंग्रजी जाणणारा जुना पार्सरही मराठी मजकुरातून धक्का न लागता पार जातो. तो शेवटच्या अवतरणचिन्हापर्यंतचे खण न समजता जसेच्या तसे उचलतो आणि पुढे देतो.

मात्र खण मोजताना सावध राहावे लागते. ओरॅकल या डेटाबेसमध्ये रकान्याची रुंदी २० सांगितली, तर विशेष सूचना नसताना ती २० खण अशी धरली जाते. यूटीएफ-८ मध्ये तिथे ‘कामरगाव’ मावत नाही. पाच अक्षरांचे गाव वीस जागांत मावत नाही म्हटल्यावर आपण चक्रावतो, पण हिशेब एकवीस खणांचा आहे.

आणि ती सात प्रश्नचिन्हे? मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये नुसत्या अवतरणचिन्हांतला मजकूर त्या डेटाबेसच्या जुन्या, सहसा युरोपीय, तक्त्यात बसवला जातो. त्या तक्त्यात देवनागरी नाही. मग ज्या ज्या संख्येला जागा नाही तिथे एकेक प्रश्नचिन्ह पडते. संख्या सात, म्हणून प्रश्नचिन्हे सात. ‘गाव = सात प्रश्नचिन्हे’ अशी ओळ तक्त्यात नसते, त्यामुळे उत्तर येते : एकही नोंद नाही. उपाय एका अक्षराचा आहे. सुरुवातीच्या अवतरणचिन्हाला चिकटून मोठा एन लिहावा. ‘नॅशनल’ या शब्दातला हा एन एसक्यूएलच्या १९९२ च्या प्रमाणापासून आहे आणि ‘पुढचा मजकूर राष्ट्रीय लिपीतला आहे’ असे तो सांगतो. मायएसक्यूएल या स्वीडनमध्ये जन्मलेल्या डेटाबेसची तर २०१८ पर्यंतची मूळ मांडणी पश्चिम युरोपीय तक्त्याची होती, आणि तुलनेचे नियम स्वीडिश भाषेचे!

शोधताना प्रश्नचिन्हे झाली तर पुन्हा शोधता येते. माहिती भरताना झाली, तर मूळ शब्द कायमचा गेला. सात प्रश्नचिन्हांवरून ‘कामरगाव’ परत मिळवता येत नाही, कारण सात चिन्हांच्या कोणत्याही गावाची तीच सात प्रश्नचिन्हे होतात.

काना हे अक्षर आहे का?

आतापर्यंत अवतरणचिन्हांच्या आतला मजकूर पाहिला. पण आपल्या प्रश्नात ‘नाव’, ‘विद्यार्थी’, ‘गाव’ ही तक्त्याची आणि रकान्यांची नावेही मराठीत आहेत. त्यांना अवतरणचिन्हांचे कुंपण नाही. ती कुठे संपतात हे पार्सरलाच ठरवायचे आहे.

नावांचा जुना नियम असा : पहिले अक्षर, पुढे अक्षरे, अंक किंवा खालची रेघ. युनिकोडच्या यादीत प्रत्येक चिन्हाची जात दिलेली असते. ‘ग’ आणि ‘व’ यांची जात ‘अक्षर’ आहे. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडण्याचे चिन्ह यांची जात मात्र ‘जोडून येणारी खूण’. कार्यक्रम लिहिणाऱ्याने ‘फक्त अक्षर’ एवढेच तपासले, तर ‘गाव’ वाचताना ‘ग’ चालतो, काना आल्याबरोबर शब्द तुटतो आणि ‘व’ वेगळा पडतो. अशी चूक आजही घडते. पायथन भाषेत ‘या मजकुरात सगळी अक्षरेच आहेत का?’ हे विचारण्याची सोय आहे. तिला ‘कामरगाव’ दिले तर उत्तर ‘नाही’ असे येते. दोन काने आडवे येतात.

युनिकोडने यासाठी नावांचा सुधारलेला नियम दिला आहे : खुणेने नावाची सुरुवात होऊ शकत नाही, पण अक्षरामागून खूण येऊ शकते. हा नियम पहिलीच्या शिक्षकांना नवा वाटणार नाही. काना एकटा उभा राहत नाही, त्याला आधाराला अक्षर लागते, हे आपण फळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आलो आहोत.

पोस्टग्रेसने आणखी सोपी वाट काढली. १२८ आणि त्यापुढचा कोणताही खण दिसला की तो अक्षर समजायचा. न तपासता सगळ्यांना आत घ्यायचे. त्यामुळे ‘गाव’, ‘विद्यार्थी’ बिनतक्रार चालतात. पण या मोकळ्या दारातून नको ते पाहुणेही येतात. समजा, आपण ‘व्हेअर इयत्ता = ७’ असे लिहिले आणि ७ देवनागरीत टंकला. पार्सरच्या दृष्टीने संख्या फक्त इंग्रजी अंकांची. देवनागरी ७ चे खण १२८ च्या पुढचे, म्हणून ते अक्षर, म्हणून ते नाव! तो ‘७’ नावाचा रकाना शोधू लागतो आणि असा रकाना नाही अशी तक्रार करतो. तसेच टंकलेखनाच्या कार्यक्रमातून उचललेल्या मजकुरात कधी कधी न तुटणारी मोकळी जागा असते. तिचा क्रमांक १६०. डोळ्यांना ती मोकळीच दिसते, पार्सरला ती अक्षर वाटते आणि तो दोन शब्द एकत्र जोडतो. छापील लेखातली वळणदार अवतरणचिन्हेही पार्सरच्या लेखी अवतरणचिन्हे नव्हेत, कारण त्यांचे क्रमांक ८२१६ आणि ८२१७ आहेत, ३९ नव्हे.

आणखी एक मर्यादा. पोस्टग्रेसमध्ये नावाला जास्तीत जास्त ६३ खण मिळतात. इंग्रजीत ती ६३ अक्षरे होतात, मराठीत २१ चिन्हे. ‘विद्यार्थ्याचे_जन्मस्थान’ हे नाव मोजून पाहावे : २३ देवनागरी चिन्हांचे ६९ खण आणि खालच्या रेघेचा एक, एकूण ७०. डेटाबेस ते कापून ‘विद्यार्थ्याचे_जन्मस्’ एवढेच ठेवतो.

दिसायला एक, लिहायला तीन

आता शेवटची आणि आमच्या मते सर्वांत अवघड गोष्ट. कामरगाव ज्या प्रदेशात येते त्याचे नाव घेऊ : वऱ्हाड. यातला ‘ऱ्ह’ आडव्या र चा. हा र मराठीची खासियत. युनिकोडमध्ये तो तीन तऱ्हांनी लिहिता येतो.

पहिली तऱ्हा : व, ऱ (२३५३), पाय मोडण्याचे चिन्ह (२३८१), ह, काना, ड. सहा संख्या.

दुसरी : व, साधा र (२३५२), त्याखाली नुक्ता (२३६४), पाय मोडण्याचे चिन्ह, ह, काना, ड. सात संख्या.

तिसरी : व, साधा र, पाय मोडण्याचे चिन्ह, मग एक अदृश्य जोडचिन्ह (८२०५), ह, काना, ड. याही सातच, पण वेगळ्या.

तिन्ही पडद्यावर सारख्याच दिसतात. कोणता कळफलक वापरला त्यावर कोणती तऱ्हा साठवली जाते ते अवलंबून असते, आणि टंकणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो. एका शिक्षकाने नोंद पहिल्या तऱ्हेने केली आणि दुसऱ्याने तिसऱ्या तऱ्हेने शोधली, तर पार्सर दोन्ही मजकूर बिनचूक वाचतो. पण पुढे तुलना होते संख्यांची. सहा संख्या आणि सात संख्या जुळत नाहीत. उत्तर : एकही नोंद नाही. ‘ॲ’ची कथा अशीच आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊनच ते लिहावे लागे. त्यामुळे पालकाच्या व्यवसायात ‘ॲडव्होकेट’ आजही निरनिराळ्या तऱ्हांनी साठवलेले आढळते.

१९९८ साली वाशिम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला. त्याआधीच्या रजिस्टरात कामरगावपुढे अकोला जिल्हा असणार, पुढच्यांत वाशिम. हा फरक डोळ्यांना दिसतो, म्हणून कारकून दोन्ही नावांनी शोधतो. वऱ्हाडच्या तीन तऱ्हांतला फरक दिसतच नाही, म्हणून तो कोणी शोधत नाही.

मग पार्सरनेच सगळ्या तऱ्हा एक करून का घेऊ नयेत? पहिली आणि दुसरी तऱ्हा समान आहेत असे युनिकोड स्वतः सांगते, आणि दुसरीची पहिली करण्याची ठरलेली रीतही आहे. पोस्टग्रेसमध्ये २०२० पासून त्यासाठी तयार आज्ञा मिळते. तिसरी तऱ्हा मात्र या रीतीत येत नाही. तिथे कोणी म्हणेल, अदृश्य चिन्ह काढूनच टाका. पण ते काढले की ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. ‘आचाऱ्यांना बोलवा’ आणि ‘आचार्यांना बोलवा’ यांत जेवण कोण करणार आणि आशीर्वाद कोण देणार, एवढा फरक आहे. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत डोंगर आणि समुद्राइतका. ज्याला इंग्रजी कार्यक्रमकार निरुपयोगी अदृश्य खूण समजेल, तिच्यावर मराठीत शब्दाचा अर्थ उभा आहे.

म्हणून रूढ रीत अशी, की अवतरणचिन्हांतल्या मजकुराला पार्सरने हात लावू नये. परीक्षक उत्तरपत्रिका तपासतो, तिच्यात स्वतः लिहीत नाही, तसेच हे. एकरूपता आणायची ती मराठी जाणणाऱ्याने ठरवून, माहिती आत येण्याच्या दारावरच आणावी : र, पाय मोडण्याचे चिन्ह आणि जोडचिन्ह आले तर त्यांच्या जागी ऱ आणि पाय मोडण्याचे चिन्ह ठेवावे, ‘अ’वरचा चंद्र आला तर ‘ॲ’ करावा. शोधण्याच्या प्रश्नालाही हाच नियम लावावा.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. चिठ्ठ्यांवर संख्या लिहा : क २३२५, ग २३२७, ड २३३७, म २३५०, र २३५२, ऱ २३५३, व २३५७, ह २३६१, काना २३६६, पाय मोडण्याचे चिन्ह २३८१, जोडचिन्ह ८२०५. फळ्यावर संख्या आणि चिन्हांचा तक्ता काढा, पण चिन्हाची जात लिहा : अक्षर की खूण. एका मुलाला पार्सर करा. त्याच्या हाती ‘कामरगाव’च्या सात चिठ्ठ्या एकेक करून द्या. पहिला नियम : अक्षर नसेल तिथे शब्द तोड. ‘क’, ‘मरग’, ‘व’ असे तुकडे पडतील. मग विचारा, नियम कसा बदलावा? अक्षरामागून खूण चालेल, हे मुलेच सांगतील.

नंतर दोन गटांना ‘वऱ्हाड’ द्या. एकाला सहा चिठ्ठ्यांचा, दुसऱ्याला जोडचिन्ह घातलेला सात चिठ्ठ्यांचा. दोन्ही गट वाचून ‘वऱ्हाड’च म्हणतील. आता पार्सर झालेल्या मुलाला फक्त संख्या जुळवायला सांगा. तिसऱ्या चिठ्ठीपर्यंतही तो पोहोचणार नाही; दुसरीलाच ‘जुळत नाही’ म्हणेल. दोघेही बरोबर असून न जुळण्याचा हा अनुभव मुलांच्या चांगला लक्षात राहतो.

शाळेच्या कामापुरत्या चार गोष्टी सांगून थांबतो. सर्वांनी एकाच कळफलकाने टंकावे. इनस्क्रिप्ट हा त्यासाठी सोयीचा. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये रूपांतर केल्याशिवाय भरू नये. पहिली नोंद भरल्यावर लगेच ती शोधून आणि उघडून पाहावी. प्रश्नचिन्हे आली तर पुढच्या शंभर नोंदी वाचतील. आणि एखाद्या मुलाचे नाव सापडत नाही असे पडद्यावर आले, तर नवी नोंद करण्याआधी ते नाव निराळ्या तऱ्हेने टंकून किंवा नावाचा ऱ, ॲ नसलेला भाग देऊन पुन्हा शोधावे. ‘सापडले नाही’ याचा अर्थ, आपण विचारलेल्या संख्या त्या क्रमाने तिथे नाहीत, इतकाच आहे. ते मूल पटावर आहे की नाही, हे रजिस्टर उघडून आपणच सांगायचे आहे.